स्टेशन पिअर ते बोनेगिला, आणि येताना टाटुरा

जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नची निम्मी मंडळी बर्फ बघायला डोंगरात जातात नि उरलेली ऊन शोधत क्वीन्सलंडला पळतात, आम्ही गेलो पत्र्याच्या बराकी बघायला. लेकाने आधी तोंड वाकडं केलं पण शेजारच्या जर्मन आजी येणार म्हटल्यावर तयार झाला, कारण त्या गाडीत खिशातून गोळ्या काढून देतात आणि आईवडिलांना अजिबात भीत नाहीत. आजी आमच्या गल्लीत सगळ्यात जुन्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, बाकी जीभ तिखट. १९५५ साली आठ वर्षांच्या असताना आईबाप आणि धाकट्या भावाबरोबर सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियात आल्या, आणि ज्या स्थलांतरितांच्या कँपात, बोनेगिलाला, पहिल्यांदा उतरल्या तो परत बघायला कधीच गेल्या नव्हत्या. का नाही गेलात विचारलं तर म्हणाल्या, कोणी नेलं नाही. मग काय, निघालो.

दिवस पहिला (शुक्रवार)

बोनेगिला ऑल्बरीजवळ. ऑल्बरीला जायचं म्हणजे ह्यूम फ्रीवे धरून सरळ उत्तरेला, सव्वातीनशे किलोमीटर. पण आजींचा हट्ट की सुरुवात पोर्ट मेलबर्नच्या स्टेशन पिअरपासून करायची, म्हणजे आधी उलट्या दिशेला अर्धा तास. नवरा गाडी चालवताना पुटपुटत होता पण तिथे पोचल्यावर गप्प झाला. लांबलचक लाकडी धक्का, वारा असा की कान बधिर, आणि एकही बोट नाही. पूर्वी टास्मानियाची फेरी इथून सुटायची, ती २०२२ ला जिलाँगला गेली, आता फक्त क्रूझवाले येतात. युद्धानंतर युरोपातून आलेल्या लाखो लोकांनी मेलबर्नमध्ये पहिलं पाऊल टाकलं ते इथेच. आजी म्हणाल्या की बोटीतून उतरल्यावर शहर बघायला मिळालंच नाही, धक्क्यालाच रेल्वेगाडी उभी होती, सामान कस्टममधून काढलं, गाडीत बसवलं नि गाडी सुटली. नवीन देशाची राजधानी नसली तरी एवढं मोठं शहर, आणि त्यांना दिसलं ते डब्याच्या काचेतून.

त्यांची बोट स्काउब्रिन. नॉर्वेची. ब्रेमरहाफनहून निघून सुएझमार्गे, जवळजवळ पाच आठवडे. ह्या बोटीची पुढची गोष्ट मला आजींकडूनच कळली आणि नंतर वाचून खात्री केली: १९५८ च्या मार्चअखेरीस, हजारावर प्रवासी घेऊन ऑस्ट्रेलियाकडे येताना, स्काउब्रिनला हिंदी महासागरात आग लागली. बहुतेक जर्मन आणि माल्टाचे लोक, लहान पोरं बरीच. सगळे लाइफबोटीत उतरले, सिटी ऑफ सिडनी नावाच्या मालवाहू बोटीने त्यांना उचललं, आणि हृदयविकाराने गेलेला एक माणूस सोडला तर सगळे वाचले. पण ट्रंका, भांडी, लग्नाचे फोटो, सुताराची हत्यारं, सगळं समुद्रात. ती बातमी ऐकली तेव्हा आजींची आई स्वयंपाकघरात उभी होती आणि म्हणाली, "आपली शिलाई मशीन आली ना वेळेवर." बस्स, एवढंच.

गाडीत बसल्यावर मी विचारलं की जर्मनी सोडून यायचंच का होतं, पन्नासच्या दशकात तर तिकडे कारखाने धडाधड उभे राहत होते. तर त्यांचं घर मुळात जर्मनीत राहिलंच नव्हतं. आईबाप सायलेशियाचे, तो भाग युद्धानंतर पोलंडमध्ये गेला आणि तिथल्या जर्मनांना हाकलून दिलं. सायलेशिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड असे सगळे मिळून १ कोटी २० लाखांच्या आसपास जर्मन पश्चिमेकडे ढकलले गेले, आणि पश्चिमेला शहरं बॉम्बने सपाट झालेली, राहायला छप्पर कुठे? आजींचा जन्मच एका निर्वासित छावणीतला. आठ वर्षं एका खोलीत दुसऱ्या कुटुंबाबरोबर, मध्ये चादर टांगून. त्यामुळे ऑस्ट्रेलियाची जाहिरात बघितल्यावर वडिलांना त्यातलं एकच दिसलं, मोकळी जागा. आपण समजतो की जर्मन माणूस सुखातून उठून बराकीत आला, तर तसं नव्हतं, त्यांच्यापैकी कितीतरी जण एका बराकीतून दुसऱ्या बराकीत आले.

कराराचं सांगायचं तर १९५२ साली पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाचा करार झाला. त्याआधी माल्टा, हॉलंड, इटलीशी झाले होते. प्रवासखर्चातला मोठा वाटा दोन्ही सरकारं आणि स्थलांतरासाठी नेमलेली आंतरराष्ट्रीय समिती मिळून उचलणार, कुटुंबाने थोडे पैसे घालायचे, आणि बदल्यात दोन वर्षं इथे राहून सरकार सांगेल ते काम करायचं. मध्येच परत गेलात तर तिकिटाचे पैसे भरा. हे ऐकून नवरा म्हणाला आमच्या पहिल्या कंपनीचा बाँडपण असाच होता, दोन वर्षं, आणि आजींना ते फार पटलं.

बेनालाला थांबलो. गावाबाहेर विमानतळाशेजारी जुन्या हवाईदलाच्या बराकी आहेत, तिथे १९४९ ते १९६७ कँप होता. म्युझियम बंद होतं त्यादिवशी, म्हणून बाहेरूनच फिरलो. हा आल्याआल्या उतरवायचा रिसेप्शन कँप नव्हता, इथे ठेवायचे बायकामुलांना. म्हणजे व्यवस्था अशी की कर्त्या पुरुषाला कामावर पाठवायचं, कारखाना, धरण, ऊसतोडणी, जिथे गरज असेल तिथे, आणि त्याला तिथे घर मिळेपर्यंत बायकोपोरं अशा होल्डिंग सेंटरमध्ये. आजींचे वडील सुतार, त्यांना जिलाँगला धाडलं, आणि आई दोन पोरं घेऊन इथे. नवऱ्याची भेट महिन्यातून एकदा. आई गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जायची. बेनालात नवरा नसलेल्या बायकाही बऱ्याच ठेवल्या होत्या, विधवा, सोडलेल्या, कुमारी माता, ज्यांना पोरांसकट दुसरीकडे कामाला कोणी घेत नव्हतं, त्यातल्या काही तर वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या. सरकारी कागदावर "तात्पुरती" आणि पोराची अख्खी प्राथमिक शाळा तिथेच. आजी कुंपणापाशी उभ्या राहून हातवारे करत भावाला कुठे कुत्रा चावला ते लेकाला सांगत होत्या, तो भाग मी ऐकला नाही कारण मी गाडीत चहा ओतत होते.

पुढे ग्लेनरोवनला नेड केली ह्या दरोडेखोराचा भलामोठा पुतळा, लेकाचा फोटो, आणि अंधार पडता पडता ऑल्बरी. मोटेल बरं होतं. हीटर लावून थालीपीठं खाल्ली, आजींनी दोन खाल्ली आणि वर लोण्याऐवजी जॅम लावला, त्यांचं त्यांना.

दिवस दुसरा (शनिवार)

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर. बोनेगिला म्हणजे ऑल्बरीला खेटून असलेल्या वोडोंगापासून पंधरा मिनिटांवर, ह्यूम तलावाच्या काठाला. तलाव सुंदर आहे खरं तर, पाण्यात वाळलेली झाडं उभी, पण कँप तिथे काय सौंदर्य बघून टाकला नव्हता. युद्धाच्या वेळी तिथे लष्कराचा तळ उभा केला होता, रेल्वे होती, पाणी होतं, बराकी तयार होत्या आणि शहरापासून लांब होतं. आर्थर कॉलवेल हा पहिला इमिग्रेशन मंत्री, त्याचं म्हणणं माणसं वाढवा नाहीतर देश जाईल, जपान अगदी दारापर्यंत येऊन गेलेला त्यामुळे लोकांनाही ते पटत होतं. १९४७ च्या नोव्हेंबरात जनरल हाइन्टझेलमन बोटीने बाल्टिक देशांतले आठशेवर निर्वासित आले, तेच इथे राहायला आलेले पहिले. तिथून १९७१ ला बंद होईपर्यंत तीन लाखांवर लोक ह्या एका कँपातून गेले. देशातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त वर्षं चाललेला असा कँप. चोवीस ब्लॉक होते, त्यातला १९ नंबरचा तेवढा शिल्लक, २००७ ला राष्ट्रीय वारसा यादीत गेला. शेजारी अजूनही लष्कराची छावणी आहे, आम्ही गेलो तेव्हा पोरं पाठीवर पिशव्या घेऊन पळत होती.

आता बराक. बाहेरून लांबट, लाकडी सांगाडा, वर पन्हाळी पत्रा. आत गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही की आत आणि बाहेर थंडी सारखीच आहे. भिंतीला आतून अस्तर नाही, छताला नाही, पत्रा आणि तुम्ही. सुरुवातीला सैनिकांसारखं हॉलमध्ये वीसेक जण झोपायचे, बायका एका बराकीत, पुरुष दुसऱ्या, नवराबायको असले तरी. नंतर आरडाओरडा झाल्यावर पार्टिशनं घालून खोल्या केल्या. आजी एका खोलीत गेल्या, लोखंडी खाट, एक दिवा, आणि त्यांनी छडी वर करून पार्टिशनवर ठोकली, मग भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत नेली आणि कडेवरून पलीकडे घातली. मोकळी जागा. "इकडून तिकडून सगळं ऐकू यायचं. रात्री खोकला आला की आम्ही ओळखायचो पोलिश खोकतोय का इटालियन." लेक खोखो हसला. मग त्या सहज म्हणाल्या की आई रडायची ती मात्र उशीत तोंड घालून, कारण पलीकडच्या बाईला जर्मन कळायचं.

आल्याआल्या प्रत्येकाला ब्लँकेटं, चादरी, ताट, मग, काटाचमचा मोजून द्यायचे आणि जाताना मोजून घ्यायचे. हरवलं तर पैसे कापणार. जेवण मेसमध्ये, रांगेत. आणि जेवण म्हणजे मटण. आपल्याकडे मटण म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, मी कोल्हापूरची, मला आधी कळेचना की मटणाची कोणी तक्रार कशी करेल, पण हे म्हाताऱ्या मेंढीचं उकडलेलं मटण, त्याला तिखट नाही, मसाला नाही, चरबीचा वास अख्ख्या ब्लॉकभर. युरोपातले सगळे देश एकमेकांशी भांडले असतील पण मटणावर सगळ्यांचं एकमत. जर्मनांना ब्रेडचं दुःख वेगळं, पांढरा स्पंजसारखा पाव त्यांना पाव वाटतच नव्हता. आजी आजही मेंढीचं मटण खात नाहीत, माझा तांबडा रस्सासुद्धा नाही, हे मी मनावर घेतलेलं आहे.

पण खरी गोष्ट खोलीची किंवा जेवणाची नाहीच, असं मला तिथे फिरताना वाटत राहिलं. कँपाचं मुख्य खातं म्हणजे रोजगार कचेरी. तिथे टेबलापलीकडे साहेब, अलीकडे माणूस, मध्ये दुभाषी, आणि त्या दहा मिनिटांत ठरायचं की तुम्ही कुठे जाणार. बेड, मेस, सिनेमा, चर्च, दवाखाना, बँक, इंग्रजीचे वर्ग हे सगळं त्या टेबलाभोवती. तुमच्या जर्मन डिप्लोमाला इथे मोल नाही, हात चालतात ना, मग चला. त्यामुळे काम असलं की कोणी बराकीबद्दल फार बोलत नसे, चार दिवसांत निघायचंच आहे. काम थांबलं की तीच बराक खायला उठायची. १९५२ च्या हिवाळ्यात इटालियन लोक महिनोन्महिने बिनकामाचे अडकले आणि भडकले, लष्कराला तयार राहायला सांगण्यापर्यंत गोष्ट गेली. १९६१ च्या जुलैत परत तेच, सरकारने कर्जं आवळली होती, कारखान्यांनी भरती थांबवली, आणि बोटी मात्र येतच होत्या कारण करार आधीच झालेले. ह्यावेळी जर्मन पोरं पुढे होती, बरोबर इटालियन आणि युगोस्लाव. मोर्चा काढला, रोजगार कचेरीची मोडतोड झाली, पोलीस आले, धरपकड झाली. आम्हाला काम द्या नाहीतर घरी पाठवा, एवढं साधं म्हणणं. मला विचाराल तर चूक सरकारची, माणूस बोलावलात तर त्याला काम द्या. आजींचं मत वेगळं. त्या म्हणाल्या फुकटचं जेवताना काचा फोडू नयेत. आमचा वाद बराच वेळ चालला आणि थंडीने संपला.

१९६१ च्या शिरगणतीत जर्मनीत जन्मलेले लाखावर लोक ऑस्ट्रेलियात होते, १९४७ ला ते पंधरा हजारही नव्हते. आलेल्यांपैकी बरेच जण दोन वर्षं भरली की जर्मनीला परत गेले, कारण तोवर तिकडे सुबत्ता आली होती आणि इकडे अजून भाड्याच्या गॅरेजमध्ये संसार चालला होता. हो, गॅरेज. कँपातून सुटल्यावर लोक जमिनीचा तुकडा घ्यायचे, त्यावर आधी गॅरेज बांधून त्यात राहायचे आणि शनिवार-रविवार एकेक भिंत उभी करत घर बांधायचे. आजींच्या वडिलांनी तेच केलं, सुतार असल्याचा तेवढा फायदा.

कॉफी पीत बसलो तेव्हा मी नवऱ्याला वळिवड्याची आठवण करून दिली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बराकीच, शाळा-चर्च सगळं होतं, आणि त्यातले काही पुढे ऑस्ट्रेलियात पोचले. पोलिश गेले तशी फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत आली, आज ते गांधीनगर, आमच्या घरचे सगळे लग्नाचे कपडे तिथूनच. कल्याणच्या लष्करी बराकींचं उल्हासनगर झालं तेही त्याच काळात. म्हणजे १९४७-४८ ला जगभर एकच चाललं होतं, सैनिक घरी गेले आणि त्यांच्या बराकीत बेघर माणसं भरली. फरक एवढाच की कल्याणला आलेल्या सिंध्याला कोणी नोकरीची चिठ्ठी हातात दिली नाही, त्याने स्वतःच पापड विकले, आणि उल्हासनगरच्या बराकीतून त्याला दुसरीकडे कोणी नेलंही नाही, तो तिथेच मालक झाला. बोनेगिलात कोणीच मालक झालं नाही.

आणि एक गोष्ट टोचली ती लिहितेच. जर्मनीशी लढाई संपून जेमतेम सात वर्षं झाली तोवर तिकिटाचे पैसे द्यायला हे सरकार तयार, आणि आपले सैनिक ह्यांच्याच बाजूने उत्तर आफ्रिकेत, इटलीत लढलेले, तरी आपल्याला दार बंद. गोऱ्यांचं ऑस्ट्रेलिया हे धोरण. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मनूरा नावाचं जहाज मुंबईहून अँग्लो-इंडियन मंडळींना घेऊन फ्रीमँटलला आलं तर त्यातले बरेच जण सावळे बघून इथे गहजब झाला. ते धोरण १९६६ पासून सैल होत १९७३ ला पूर्ण गेलं, तोवर बोनेगिलाला कुलूप लागलेलं होतं. त्यामुळे ह्या तीन लाखांत आपलं कोणी शोधायला जाऊ नका. हे मी आजींना म्हटलं तर त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते नियम म्हणजे नियम. ते चांगले सुतार होते, बाकी काही विचारू नकोस."

दुपारी तलावावर गेलो, जुन्या रेल्वेमार्गाची आता सायकल वाट केली आहे, लेक सायकलवर, आम्ही बाकावर. त्याच मार्गाने कँपाची गाडी यायची. नंतर टॅलंगॅटापर्यंत चक्कर, ते अख्खं गाव पन्नासच्या दशकात तलाव वाढवताना उचलून दुसरीकडे नेलं, घरंसुद्धा ट्रकवर टाकून. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे दाखवायला पाहिजे एकदा.

दिवस तिसरा (रविवार)

ऑल्बरी लायब्ररी म्युझियममध्ये बोनेगिलाचा संग्रह आहे, ट्रंका, कपडे, भांडी, फोटो. तासाभरात झालं. कँपात आलेल्या प्रत्येकाचं एक नोंदणी कार्ड असायचं, नाव, जन्मतारीख, बोट, आल्याची तारीख, कुठे पाठवलं ते, आणि मूळ कार्डं राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहेत, घरच्यांना प्रत मागवता येते. आजींनी अर्जाची माहिती लिहून घेतली पण मला वाटत नाही त्या भरतील.

येताना सरळ ह्यूम न धरता शेपार्टनकडून टाटुराला वळलो, हा माझा हट्ट. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने जर्मन कैदी ठेवले ते ह्या भागात. कोर्मोरान युद्धनौकेचे खलाशी, त्यांचा कप्तान डेटमर्स, जो १९४५ च्या जानेवारीत धुरिंगाइलच्या हवेलीतल्या कैदेतून बोगदा खणून एकोणीस जणांबरोबर पळाला आणि पकडला गेला. पण नुसते सैनिक नव्हते. पॅलेस्टाइनमध्ये दोन-तीन पिढ्या राहिलेली टेम्पलर पंथाची जर्मन कुटुंबं १९४१ ला क्वीन एलिझाबेथ जहाजात घालून इथे आणली आणि बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात ठेवली. आपल्याकडे पुरंदरावर आणि साताऱ्यात इंग्रजांनी जर्मन कुटुंबं ठेवली होती तसंच. युद्ध संपल्यावर टेम्पलर बहुतेक इथेच राहिले, मेलबर्नच्या पूर्वेला बेजवॉटर-बोरोनियात त्यांची वस्ती आहे, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर.

म्युझियममध्ये कँपांचे नकाशे आणि कैद्यांनी केलेली लाकडी खेळणी बघितली, मग जर्मन कबरस्तानात गेलो, अडीचशेच्या आसपास कबरी, दोन्ही महायुद्धांत कैदेत गेलेल्यांच्या. बेनाला, बोनेगिला, टाटुरा, सगळं अडीच-तीन तासांच्या अंतरात, आणि एकाच देशाने दहा-बारा वर्षांत जर्मनांना आधी कुंपणात घातलं नि मग बोलावून आणलं. आजींना कबरीत फारसा रस नव्हता, त्यांना बेकरी हवी होती. टाटुरात मीट पाय मिळाले, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस. मेंढीचे नव्हते.

परतताना पाऊस. नवऱ्याने पुढच्या सुट्टीत कुमाला जायचं काढलंय, स्नोई माउंटन्सचं धरणाचं काम १९४९ पासून पंचवीस वर्षं चाललं, लाखभर माणसं राबली, त्यातली दोन तृतीयांश परदेशातली आणि जर्मन कारागीरही त्यात भरपूर. आजींना विचारलं येणार का. म्हणाल्या कुमाला हीटरवालं मोटेल असेल तर, आणि यावेळी पुढच्या सीटवर मी बसणार.